तांबटाचा खेळमहाल

झाडांना अजून वाचा होती, त्या काळची गोष्ट. माळावरच्या एका वाळक्या सावरीच्या खोडात खेळमहाल कोरायचं तांबट पक्ष्यानं मनावर घेतलं. "आत झोके, घसरगुंड्या, चोरवाटा! आधी बोरं देईल, तो आधी खेळेल," अशी त्यानं रानभर हाळी दिली. खारुताईनं हौसेनं बोरांनी भरलेली निम्मी ढोली रिकामी केली.

मग दिवसभर सावरीवरून टुक-टुक-टुक ऐकू येऊ लागलं. "काम जोरात चाललंय," असं ती शेजारच्या सरड्याला सांगायची. अधूनमधून तांबट यायचा. "ताई, वर आणखी एक मनोरा काढतोय. थोडी बोरं लागतील." ती द्यायची. असे मनोऱ्यांवर मनोरे चढले, ढोली तळाला गेली आणि खारुताईच्या मिशा पिकल्या.

एकदा सरडा म्हणाला, "अगं, एवढं कोरतोय, तर भुसा कुठे पडतो?"

खारुताई दुखऱ्या पायांनी सावरीपाशी गेली. खाली भुशाचा कण नव्हता. खोडाला ओरखडाही नव्हता. तांबट फांदीवर चोच मिटून बसला होता आणि ती टुक-टुक त्याच्या गळ्यातून येत होती.

"बरं झालं आलात, ताई," तो म्हणाला. "आता फक्त कळस राहिलाय."

ती परतली, ढोलीतलं शेवटचं बोर काढलं आणि पुन्हा सावरीकडे निघाली.

"भुसा दिसला वाटतं?" सरड्यानं विचारलं.

"नाही रे. पण हे दिलं नाही, तर आधीची सगळी गेली असं म्हणावं लागेल. तेवढं बळ आता माझ्यात उरलं नाही."