सहा टिंबं

"...पण ते नाव कोणतं होतं, हे कुणालाच ठाऊक नाही, असं कसं म्हणता, बाबा?"

"एका उंदराला ठाऊक होतं," नेक्तारी बाबा म्हणाले. "त्याला जाऊन चारशे वर्षं झाली."

रादिवोय हसला नाही. सर्बियातल्या त्या डोंगरावरच्या मठात तो अठरा वर्षांनी पाऊल टाकत होता. गेला तेव्हा इतिहासाचा विद्यार्थी होता, आला तो मंत्री होऊन. फाटकाशी गाडी उभी होती आणि दुपारी लोझिना गावात त्याची सभा होती.

लोझिना आणि शेजारचं कुपिना एका कुरणावरून तीन पिढ्या भांडत होते. जुन्या राजानं ते कुरण कोणत्या गावाला दिलं, हे मठातल्या एका चर्मपत्रावर लिहिलेलं होतं. नेमकं गावाच्या नावावर उंदरानं कुरतडलेलं भोक होतं. सहा अक्षरं मावतील एवढं. त्यांच्या लिपीत लोझिनाची अक्षरं सहा.

कुपिनाचीही सहाच.

म्हाताऱ्या साधूचा शब्द दोन्ही गावं मानत. तेव्हा बाबांनी दोन ओळी लिहून द्याव्यात, की भोकाच्या जागी लोझिनाच होतं, एवढंच रादिवोयचं मागणं होतं. तेवढं झालं की निवडणूक खिशात. मग कुपिनाची मेंढरं कुठं चरायची, असं बाबांनी विचारलं. सरकार काहीतरी करील, असं त्यानं सांगितलं. पाढा चुकलेल्या मुलाकडं पाहून डोलवावी, तशी बाबांनी मान डोलावली.

"या चर्मपत्राची नक्कल तू पुस्तकात छापलीस, तिथं भोकाच्या जागी काय दिलंयस?"

"टिंबं."

"किती?"

"...सहा."

हरवलेल्या दर अक्षरामागं एक टिंब द्यायचं, ही रीत त्याला बाबांनीच शिकवली होती. पहिल्या नकलेत त्यानं पाचच दिली होती. तो पायथ्याच्या गावी पोचल्यावर बाबांचा निरोप आला. एका टिंबासाठी तो अकरा किलोमीटर बर्फ तुडवत परत चढला होता. त्या दिवशी बाबांनी त्याचे मोजे स्वतः शेगडीवर वाळवले होते, आणि वाळेपर्यंत त्याची थट्टा केली होती.

"माझा हात आता थरथरतो," बाबा म्हणाले. "तुझं अक्षर चांगलं आहे. तूच भर."

ते उठले, कपाटातून चर्मपत्र काढून आणलं आणि टेबलाच्या कडेवर धरलं. दुसऱ्या हाताचा तळवा त्यांनी भोकाखाली लावला.

"लिही."

रादिवोयनं कोटाच्या खिशातून पेन काढलं. भोकावर लिहायला चामडं कुठं होतं? तिथं होता फक्त म्हाताऱ्याचा तळवा, सुरकुतलेला, मेणबत्त्यांच्या मेणानं पिवळा पडलेला. निब टेकली तसा तो किंचित शहारला.

"गुदगुल्या होतात," बाबा म्हणाले. "थांबू नकोस."

'लोझिना'चं पहिलं अक्षर एका रेघेत सुरू होतं. ती रेघ काही केल्या निघेना...

बाहेर ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला.

रादिवोयनं श्वास घेतला आणि एक टिंब दिलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. तिसरं, चौथं, पाचवं. तिथं त्याचा हात थांबला. चष्म्याची काच धुरकटली होती, भोक नीट दिसेना. त्यानं पेनाचं टोपण लावलं.

बाबांनी चर्मपत्र बाजूला ठेवलं, तळवा खिडकीशी नेला आणि बोट ठेवून ठेवून मोजलं.

"पाचच आहेत रे," ते म्हणाले. "सहाव्यासाठी पुन्हा यावं लागेल... चालत ये."