अर्थिंग नसलेलं घर

“मग काय, आबांवरचा तुकडा काढून टाकू?” शार्दूलनं विचारलं.



दुपारची वेळ. तो आणि अक्का गायनगृहाच्या रिकाम्या मंचावर बसले होते. सांगलीतलं हे जुनं गायनगृह गवयांसाठी बांधलेलं. वर लाकडी छत, आणि मंचावर कुणी नुसतं खाकरलं तरी शेवटच्या रांगेला कळावं अशी बांधणी. आता मैफली कमी झाल्या होत्या. शनिवारी इथं लोकांसमोर पॉडकास्ट रंगत, रविवारी विनोदाचे कार्यक्रम. आज संध्याकाळी शार्दूल नलवडेचा कार्यक्रम होता आणि तिकिटं केव्हाच संपली होती.

अक्का म्हणजे वत्सलाबाई इनामदार. संगीत नाटकांतल्या विनोदी भूमिका त्यांनी याच मंचावर गाजवल्या होत्या. लोकांना हसवायचं कसं, हे शार्दूल त्यांच्याकडे शिकला. चांगला शिकला. आणि आपण चांगले आहोत, हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

“लोक त्या तुकड्यासाठीच येतात, अक्का.”

“आबांनी ऐकलाय?”

“नाही. त्यांच्या फोनवर असलं काही येत नाही. आज ताई घेऊन येतेय त्यांना.”

“म्हणून भीती वाटते?”

“भीती कसली? विनोद पक्का आहे. फक्त...”

“करून दाखव.”

शार्दूल उठला आणि त्यानं करून दाखवला.

काही वर्षांपूर्वी शार्दूलसाठी मुलगी पाहायला सगळं घर गेलेलं. आबा, म्हणजे वडील, निवृत्त वायरमन, खिशात टेस्टर कायमचा. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर येते, तर आबा जागेवर नाहीत. सगळे इकडंतिकडं बघतात. आणि सोफ्यामागून आवाज येतो, “या घराला अर्थिंग नाही.” दोन दिवसांनी नकार.

“मुलगी मला पसंत होती. मी मुलीला पसंत होतो. आबांना वायरिंग पसंत नव्हतं.”

अक्का पोट धरून हसल्या. डोळे पुसले.

“चांगला आहे. कर.”

“खरंच?”

“कर. फक्त प्रेक्षकांवरचे दिवे मालवू नकोस.”

शार्दूलला हे पटलं नाही. “उजेडात माणसं मोकळी हसत नाहीत, अक्का. शेजारच्याला दिसतं ना.”

“दिसू दे.”

“मलाही सगळे दिसणार.”

“हो.”

शार्दूलनं समोरच्या रिकाम्या बाकांकडं पाहिलं.

“करू नकोस म्हणत नाही मी. पण केलास तर उजेडात.”

शार्दूल हसला. “उजेडाला मी घाबरतो की काय?” म्हणाला, आणि दिवेवाल्याला तसं सांगून आला.

संध्याकाळी गायनगृह गच्च भरलं. दिवे चालूच राहिले. पहिली पाच मिनिटं लोक अवघडले, मग विसरले. आबा पुढच्या बाजूला बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, शेजारी ताई. शार्दूलला ते स्पष्ट दिसत होते. तो थांबला नाही. एकामागून एक हशे घेत तो मुलगी पाहायच्या गोष्टीवर आला. ज्यांना ती ठाऊक होती त्यांनी आधीच टाळ्या दिल्या.

बश्या. सोफा. सोफ्यामागचा आवाज.

“...आबांना वायरिंग पसंत नव्हतं.”

लाकडी छत दणाणलं.

सगळे हसत होते. आबा हसत नव्हते. रागावलेलेही दिसत नव्हते. ते सावकाश मान हलवत होते, कुणी चुकीची तार जोडली की हलवायचे तशी.

पुढचं वाक्य शार्दूलच्या ओठांवर आलं होतं. ते बाहेर पडेना.

“आबा,” तो म्हणाला, “काय झालं?”

माना वळल्या. हशा विरला. ताईनं आबांची बाही ओढली, पण ते उभे राहिले.

“काही नाही. चालू दे तुझं.”

“चुकलं का काही?”

“अर्थिंगचं बरोबर आहे. नव्हतंच.”

थोडे लोक हसले.

“पण लग्न त्यामुळं मोडलं नाही.”

शार्दूलनं माईक खाली केला.

“त्यांनी मला परत बोलावलं होतं,” आबा म्हणाले. त्यांच्यापाशी माईक नव्हता, पण त्या गायनगृहात तो लागलाही नाही. “म्हणाले, तुम्ही बोललात ते खरं आहे, आता तुम्हीच करून द्या. गेलो मी. अर्थिंग करून दिलं. चहा घेतला. माणसं चांगली होती.”

“मग नकार कशाला आला?”

आबांनी एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा लोकांकडं. अख्खं गायनगृह त्यांच्या तोंडाकडं बघत होतं...

“मुलगी म्हणाली, काका, तुम्ही कधीही या. मुलगा मात्र नको. फार बोलतो.”

असा हशा त्या गायनगृहानं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. माणसं बाकांवर वाकली. आबा गोंधळून खाली बसले आणि चष्मा पुसू लागले. शार्दूल क्षणभर तसाच उभा होता. मग मंचावरच त्यानं बसकण मारली आणि हसत सुटला.

कार्यक्रम संपल्यावर तो आत आला. अक्का रंगपटात बसल्या होत्या. त्याचे डोळे ओले होते, कशानं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“अक्का, त्या नकारावरून घरात आम्ही सगळे आबांनाच बोलत आलो. आई, ताई, मी. सणावाराला हटकून विषय निघायचा. ते मुकाट्यानं जेवायचे. मला वाईट वाटेल म्हणून...”

अक्कांनी त्याच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला.

तो पाणी प्यायला. येरझाऱ्या घातल्या. हळूहळू त्याचे खांदे पुन्हा ताठ झाले.

“उद्या कोल्हापूरला हा तुकडा असाच करणार. शेवट आबांच्या वाक्यानं. विनोद माझ्यावर.”

“कर.”

“जमेल मला.”

“जमेल की,” अक्का म्हणाल्या. “फक्त ते वाक्य घाईनं म्हणू नकोस. आबांनी ते किती वर्षं तोंडात धरलं होतं, बघ.”