सात वर्षं उशिरा पोचलेली भाकरी

एका गावात एक गुरवीण होती, सगुणाबाई. वरच्या आळीतल्या देवळाची झाडलोट आणि दिवाबत्ती तिच्याकडे. खालच्या आळीत दर्गा होता आणि तिथले मुजावर होते बाबालाल. गावाची एक जुनी रीत होती. मयत झालेल्या घरात चूल पेटत नसे, भाऊबंदही दुखवट्यात असत. म्हणून त्या घरासाठी भाकरी समोरच्या आळीतून यायची. आणणाऱ्यानं शेजारी बसून पहिला घास भरवायचा. त्याला कडू घास म्हणत. तो पोटात गेला की घर दुःखातून उठायला लागायचं.

मग एका बाजारच्या दिवशी दोन आळ्यांत दंगल झाली. कशावरून, ते आता कोणालाच धड सांगता येत नाही. सगुणाबाईचा मुलगा गेनू गेला. बाबालालांचा मुलगा दिलावर गेला. आणखीही गेले. दोन्हीकडच्या चुली विझल्या, आणि भाकरी कोणीच कोणाकडे नेली नाही.

त्याला सात वर्षं झाली. पाटील भला माणूस. दरवर्षी त्या तारखेला तो चावडीवर सलोख्याची सभा भरवी. देवाचं नाव घेतलं जाई, अल्लाचं घेतलं जाई. माणसं पाटलाकडे बघत एकमेकांना मिठ्या मारत आणि पेढे खात. मग घरी जाऊन माळवदावर रचलेले दगड नीट झाकून ठेवत.

सातव्या वर्षी सगुणाबाईनं पेढा हातात घेतला आणि तसाच परत ठेवला.

"पाटील, माझ्या घरचा कडू घास अजून झाला न्हाई. पेढा कसा उतरंल?"

पाटलानं पेढ्यांचं ताट पुढच्या माणसाकडे सरकवलं.

ती घरी आली तर आळीतली तरणी मंडळी हातात दगड घेऊन अंगणात उभी. "आक्का, तुमी नुसतं व्हय म्हना. येत्या बाजारी गेनूचा सूड घेतो."

सगुणाबाई दमली होती. राग धरून दमली होती, रडून दमली होती, आणि सगळ्यात जास्त वाट बघून दमली होती. खालच्या आळीतून कोणीतरी यायला हवं होतं, असं तिला सात वर्षं वाटत होतं. पण अशीच वाट बघणारं एक घर खालीही असेल, हे आज पहिल्यांदा मनात आलं. तिला ते मुळीच आवडलं नाही.

"दगड ठिवा खाली," ती म्हणाली. "मला भाकरी थापायची हाय."

तिनं दोन भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, फडक्यात बांधलं आणि भर दुपारी सगळ्यांच्या देखत खाली निघाली. कोणी अडवलं नाही. एक-दोघी थुंकल्या मात्र.

बाबालाल दारात बसले होते. त्यांनी फडकं बघितलं आणि ओळखलं.

"दिलावरचा घास आणलाय," ती म्हणाली. "लई उशीर झाला."

"आक्का, मी दर साली भाकर घिऊन दोन आळ्यांमधल्या पारापतुर यायचो. तिथनं माघारी. तुमच्या दारात यायचं धाडस न्हाई झालं."

तिनं घास मोडून त्यांच्या तोंडाशी धरला. म्हातारा चावत राहिला, रडत राहिला. तिला त्यांची दया आली. राग मात्र गेला नाही. तो एका घासानं जात नसतो. ती बसून राहिली. दिलावर बाजारातून येताना वाटेतल्या बैलांना गूळ चारायचा, असं काहीबाही ते सांगत होते. ती ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी बाबालाल पार ओलांडून वर आले. तिनं घास घेतला, गेनूबद्दल पोटभर बोलली, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

गाव काही लगेच बदललं नाही. वर्षभरात नऊ घरांनी भाकऱ्या नेल्या, बाकीच्यांनी दारं लावून घेतली. काही माळवदांवर दगड अजून आहेत. पण पोरांनी सूडासाठी ठरवलेल्या त्या बाजारी कोणी हात उचलला नाही.

आठव्या वर्षी पाटील पेढे घेऊन सगुणाबाईकडे आला. तिनं एक पेढा मोडला, अर्धा खाल्ला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

"अजून लई घरं उपाशी हायती, पाटील. तवर एवढाच."

तात्पर्य: समेटाच्या गोष्टी बोलण्याआधी एकमेकांच्या दुःखाला जाऊन बसावं, आणि समोरच्यानं आधी यावं म्हणून वाट बघत राहू नये.