बयाक्काचे कच्चे शिपाई

"पण तुम्ही मधूनच उठलात का?"

बयाक्का कुंभारीण ओट्यावर बसून एका शिपायाला फेटा बांधत होती. मातीचा शिपाई, जेमतेम वीतभर उंचीचा; दिवाळीच्या किल्ल्यावर पोरं मांडतात तसला. मागच्या फळीवर असेच शंभर-दीडशे वाळत होते.

कस्तुरी अंगणात उभीच होती. रागाच्या भरात चपला काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"आक्का, तुम्हाला विचारतेय मी. दोन वर्षं घालवली त्या सिनेमात. एकेक बाहुला केसभर हलवायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायचा. बाहुले करायला शिकले ते तुमच्याच हाताखाली. आणि काल ऐन शेवटाला पहिल्या रांगेतून तुम्ही उठून चालत्या झालात. अख्ख्या गावानं बघितलं!"

"पहिल्या रांगेत तूच बसवलंस. मी आपली मागं बसत होते."

सिनेमा होता लहान-मोठ्या सगळ्यांसाठी. दोन आळ्यांतले दोन किल्ले, त्यांवरचे मातीचे शिपाई जिवंत होतात आणि लढाईला निघतात. तोफांतून झेंडूच्या पाकळ्या उडतात. पणत्यांच्या होड्या करून सैन्य खंदक ओलांडतं. आणि शेवटी किल्ल्यावर पेरलेल्या अळिवाला कुणीतरी झारीनं पाणी घालतं. दोन्हीकडचं सैन्य विरघळतं. एकच चिखल होतो. पडदा काळा.

दिवे लागले तेव्हा अर्धं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. उरलेल्या अर्ध्यातली पोरं रडत होती आणि त्यांच्या आया कस्तुरीला शोधत होत्या.

आज सकाळी शिक्षण समितीच्या चौगुलेसाहेबांचा फोन आला होता. शेवटची सात मिनिटं कापा, जिल्ह्यातल्या तीनशे शाळांत दाखवतो. नाही कापलीत, तर एकाही शाळेत नाही. पाच वाजेपर्यंत कळवा.

हे सगळं कस्तुरीनं एका दमात सांगितलं आणि वर म्हणाली, "मी कापणार नाही."

"नको कापू."

"पण मग तीनशे शाळांतली पोरं..."

"मग काप."

"आक्का!"

बयाक्कानं फेट्याचा शेमला बोटानं दाबला आणि शिपाई फळीवर ठेवला. दुसरा हातात घेतला.

"तुमचं हे नेहमीचंच," कस्तुरी तडकली. "सरळ काही बोलायचंच नाही. शिकायला यायचे तेव्हा वर्षभर भांडले तुमच्याशी, की शिपाई भट्टीत घाला. टिकतील, परगावी पाठवता येतील. तुम्ही काय म्हणालात? काहीच नाही! वय झालं की माणसानं उत्तरं द्यायची नसतात का?"

"द्यायची की. पण वय झाल्यावर ऐकतंय कोण? सवय मोडते मग."

कस्तुरीला हसू येत होतं. तिनं ते गिळलं.

"एवढं तरी सांगा. का उठलात?"

"चिखल बघितला."

"मग?"

"आठवण झाली. घरी माती भिजत घालायची राहिली होती."

"माझा शेवट बघून तुम्हाला माती आठवली?"

"चिखल दाखवलास. आणि काय आठवायचं?"

कस्तुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती जायला वळली, तशी बयाक्कानं कोपऱ्यातल्या पिंपाकडे हनुवटी उडवली.

"निघालीच आहेस तर तेवढं मळून जा. माझं मनगट धरलंय."

नाही म्हणणं कस्तुरीला जमलं असतं. पण मनगट खरंच सुजलेलं दिसत होतं. चपला भिरकावून तिनं बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातले.

तुळशीचं लग्न लागलं की गावातली पोरं किल्ले मोडतात आणि शिपाई आणून याच पिंपात टाकतात. पुढच्या दिवाळीला नवे हवेत ना, मग जुने परत करा, हा बयाक्काचा दंडक. कस्तुरीनंही लहानपणी टाकले होते. पण त्या पिंपात हात घालायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. शिकायला यायची तेव्हा तिच्यासमोर मळलेला गोळा तयार असायचा.

बोटांना काहीतरी लागलं. तिनं वर काढलं. अर्धा फेटा, एक खांदा, बाकी सगळं मऊ.

"हा कुठल्या आळीचा होता, आक्का?"

"विचार त्याला."

कस्तुरी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्याला परत आत सोडलं आणि मळायला लागली. बराच वेळ मळत होती. ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर आलं.

हाताला सवय होतीच. गोळ्यातून दोन पाय निघाले. कंबर निघाली. मान जरा वाकडी झाली, ती तिनं तशीच ठेवली.

"शिपाई का?" बयाक्कानं विचारलं.

"अजून ठरलं नाही."

फोन वाजला. कस्तुरीचे हात बरबटलेले. तिनं कोपरानंच फोन उचलला आणि स्पीकर लावला.

"साहेब, सात मिनिटं कापणार नाही."

"मग अवघड आहे बघा, मॅडम."

"आणखी चार वाढवणार आहे. चिखलानंतरची."

"चिखलानंतर काय असतं हो?"

"तेच दाखवते. पंधरा दिवस द्या."

"समिती काय म्हणेल ते मी आत्ता नाही सांगू शकत." चौगुलेसाहेब खाकरले. "पण पाठवा. माझी नात काल जेवताना एकच विचारत होती, त्यांचं पुढं काय झालं म्हणून. मला काही सांगता आलं नाही."

फोन बंद झाला. कस्तुरीनं वाकड्या मानेचा तो बाहुला दोन्ही तळव्यांवर उचलला. तिला एकदम त्याची भीती वाटायला लागली. एवढासा जीव, आणि सगळं त्याच्यावर.

"आक्का, हा पहिला आहे. याला काही होऊन चालणार नाही. याच्यापुरती तरी भट्टी पेटवते. पेटवू?"

बयाक्कानं नव्या फेट्यासाठी मातीची बारीक वळी वळायला घेतली होती. तिनं मान वर केली नाही.

"उन्हात ठेव," ती म्हणाली. "भाजू नकोस."