खाडीच्या पाण्यात पडलेला बोल

एकदा काय झालं, जानेवारीची सात तारीख होती, वार मंगळवार. आभाळ निरभ्र, वारा उत्तरेचा, आणि थंडी एवढी की खाडीच्या पाण्यावरून वाफ निघत होती.

त्या खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं एक गाव होतं. मीठ शेतात नाही पिकत, बरं का. ते पिकतं आगरात. आगर म्हणजे मातीचे बांध घालून केलेले चौकोनी उथळ वाफे. त्यांत खाडीचं पाणी घ्यायचं आणि उन्हाला सांगायचं, आता तू बघ.

पण नुसतं उन्हानं मीठ येत नाही, असं ते लोक म्हणत. येशूनं वादळाला ‘गप्प राहा’ म्हटलं आणि समुद्र गप्प झाला. तेव्हापासून पाण्याला ऐकायची सवय लागली आहे. म्हणून आगरात पहिलं पाणी आलं की घरातल्या मोठ्या बाईनं बांधावर बसायचं, पाण्यात हात घालून क्रुसाची खूण करायची आणि मिठाला हाक मारायची, ‘ये गं बाय, पांढरं लुगडं नेसून ये. बापाच्या नावानं ये.’ आणि हात पाण्यात असेपर्यंत तोंडातून दुसरं काही काढायचं नाही. हा तिथला नियम.

त्या गावात कातरीन नावाची एक विधवा बाई राहायची. तिचा नवरा इनास अकरा वर्षांपूर्वी खाडीत बुडाला होता. तिच्या आगराला लागून तिच्या धाकट्या जावेचं आगर. जावेचं नाव मार्तीना. मध्ये एकच बांध.

तर त्या मंगळवारी कातरीन बांधावर बसली. पाण्यात हात घातला. खूण केली. ‘ये गं बाय’ म्हणाली. आणि तेवढ्यात तिला दिसलं की मार्तीना बांधाच्या कडेचा चिखल खरवडून आपल्या बाजूला लावते आहे.

‘अगं ए! माझा चिखल!’

‘तुमचा कुठला, जाऊबाई? भरतीनं आणलेला चिखल, समुद्राचा!’

मग कातरीनचं डोकं फिरलं. हात पाण्यातच होता, आणि ती ओरडली, ‘तुझ्या आगरात एक खडा धरायचा नाही! पाणीच राहील, बघ!’

टप्प.

काहीतरी पाण्यात पडलं. कातरीननं वाकून पाहिलं. तळाशी सुपारीएवढा काळा खडा पडला होता. पडला असेल कुठून तरी, म्हणाली, आणि हात पुसून घरी गेली.

मग फेब्रुवारी गेला. मार्च आला. ऊन तापलं, भेगा पडतील असं तापलं. पण मीठ येईना. मार्तीनाच्या आगरात येईना, कातरीनच्या येईना, कुणाच्याच येईना. खाडीचं पाणी एकाच वाटेनं सगळ्या आगरांत जायचं ना! एकाला दिलेला शाप सगळीकडे फिरला. म्हातारे बांधावर बसून म्हणू लागले, ‘पावसाच्या आत मीठ नाही आलं, तर मासे सुकवायचे कशात? पावसाळाभर पोरं खातील काय?’

कातरीनला सगळं कळत होतं. ती उठली आणि आगरात उतरली. तो काळा खडा दोन बोटांनी उचलायला गेली. हलेना. दोन्ही हातांनी धरला. पाटा-वरवंटा हलेल, पण तो हलेना.

मग ती पाण्याशी गोड बोलायला लागली. ‘माझी राणी, माझी सोन्याची बाय.’ सकाळी बोलली, दुपारी बोलली. घसा बसला. पाणी आपलं पाणीच.

मग ती चर्चमध्ये गेली. पन्नास वेळा ‘नमो मरिया’ म्हणाली. गुडघे सुजले. पाणी पाणीच. शेवटी तिनं फादरांना सगळं सांगितलं.

फादर म्हणाले, ‘कातरीन, देवानं जग कशानं केलं? हातोडीनं?’

‘नाही, फादर. बोलून केलं.’

‘उजेड हो म्हणाला, उजेड झाला. मग त्यानं जीव केले. पाय बैलालाही दिले, डोळे माशालाही दिले. पण बोल ही त्याची स्वतःची वस्तू. ती त्यानं फक्त आपल्या हाती दिली. तू पाण्याशी बोललीस, देवाशी बोललीस. ज्या बाईवर तो बोल टाकलास, तिच्याशी कधी बोलणार?’

कातरीन परत आली. मार्तीना बांधावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. कातरीन तिच्यासमोर उभी राहिली. गोड शब्द खूप आठवले, पण ते सगळे पाण्याला सांगून झाले होते. खोटेच वाटले तिला ते.

मग तिनं जे खरं होतं तेच सांगितलं.

‘मार्तीना, इनास बुडाले त्या वर्षी मी एकवीस दिवस अंथरुणात होते. तू आधी माझ्या आगरातलं मीठ ओढायचीस, मग तुझ्या आगरातलं. तुझे तळवे सोलले होते, मी पाहिले होते. तू होतीस म्हणून मी जगले. हे मी तुला कधी बोलले नाही.’

टप्प झालं नाही. काही आवाजच झाला नाही. तो बोल पाण्यावर अलगद उतरला आणि तिथेच थांबला. पांढरा. जाईच्या पाकळीएवढा. मिठाचा.

मार्तीनानं डोळे पुसले. ‘अकरा वर्षं, जाऊबाई! एवढं बोलायला अकरा वर्षं! तोंडात काय भात होता?’ आणि ती हसायला लागली. मग हसता हसता म्हणाली, ‘तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी ओढणार होते मी?’

तिच्याही बाजूला एक पाकळी उतरली.

मग काय झालं, ऐका. त्या दोन पाकळ्यांना कडा फुटल्या. कडेला कडा लागली. दुधावर साय धरावी तशी पाण्यावर मिठाची साय धरत गेली. चुर्र, चुर्र, चुर्र. या आगरातून त्या आगरात, बांध ओलांडून, पार खाडीपर्यंत. तळाचा काळा खडा विरघळून गेला. सगळं गाव बांधावर येऊन उभं राहिलं. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबली. भर दुपारी एवढं पांढरं कुणी पाहिलं नव्हतं. आपल्या तोंडात काय ठेवलेलं आहे, याची त्या दिवशी सगळ्यांनाच भीती वाटली, आणि आनंदही.

मग ती सगळी माणसं सुखात राहिली. चला, पांघरूण घ्या, कपाळावर क्रुसाची खूण करा आणि मिटा डोळे.

त्या साली वीस मेपर्यंत कातरीनच्या आगरातून दोनशे सहा टोपल्या मीठ निघालं, मार्तीनाच्या आगरातून दोनशे अकरा. पाऊस नऊ जूनला आला.