जादाचा पीळ

जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. पण त्या काळी डोंगरापलीकडच्या राज्यात विचार करणारी यंत्रे होती, एवढे खरे.

त्या राज्याच्या कडेला एक गाव होते आणि गावात एक म्हातारा पंडित राहत असे. त्याने तीन विद्यापीठे पाहिली होती. त्याला सात भाषा येत, पण एकाही भाषेत छातीठोकपणे बोलता येत नसे. भाजीत मीठ बरोबर पडले आहे का, हे तो दोनदा चाखून पाही आणि मग बायकोला विचारी.

त्याच्या माजघरात एक गणकयंत्र होते. आकडे घातले की ते गणित सोडवी. मात्र विचार करताना त्याचे काळीज तापे. फार तापले की ते गप्प होई आणि तोवर केलेले सारे विसरून जाई.

त्या वर्षी, ओळीने दुसऱ्यांदा, पाऊस आला नाही. गावच्या विहिरीत बादली टाकली की खणकन दगडावर आपटे. तेव्हा विहिरी खणणाऱ्या बेलदारांची एक टोळी गावात आली. टोळीजवळ बारा दिवसांचे पीठ होते आणि अंगात एक विहीर खणण्याइतके बळ होते. टोळीचा म्होरक्या पंडिताच्या ओट्यावर येऊन बसला.

"बाबा, जागा तेवढी दावा. फोडायचं आमच्याकडं लागलं."

पंडिताजवळ चाळीस वर्षांच्या नोंदी होत्या. कोणत्या विहिरीला किती हातांवर पाणी लागले, कोणती आधी आटली, सारे त्यात होते. त्यावरून जमिनीखालचा झरा कुठून वाहतो ते यंत्र सांगू शकले असते. पण त्यासाठी ते सलग दोन दिवस चालायला हवे होते, आणि त्या उन्हाळ्यात ते दुपारही गाठत नव्हते. त्याच्या पोटातला पंखा भिरभिर फिरे आणि गरम वाराच इकडचा तिकडे करी.

पंडिताने पोथ्या उपसल्या. दूरच्या देशात यंत्राचे काळीज पाण्याने निववतात, असे एका पोथीत सापडले. काळजावर तांब्याची पोकळ चकती बसवायची. तिच्यातून पाणी खेळवायचे. तापलेले पाणी नळीने बाहेर नेऊन पातळ पत्र्यांच्या जाळीत वाऱ्यावर गार करायचे आणि छोट्या पंपाने पुन्हा आत ढकलायचे. तेच पाणी फिरून फिरून येत राहते.

खाली पोथीत लाल शाईने लिहिले होते : यंत्राच्या तारांवर एक थेंब जरी पडला, तरी यंत्र कायमचे मुके होईल.

ती लाल ओळ वाचल्यापासून पंडिताला जेवण जाईना.

"अगं, गावाला प्यायला पाणी नाही आणि मी यंत्राला पाणी पाजतोय. त्यात मी जन्मात कधी खिळा ठोकलेला नाही."

"दोन तांबे पाणी लागणार ना? तेही सांडणार नाही, फिरणार," बायको म्हणाली. "आणि खिळा ठोकायचाच नाहीये तुम्हाला."

साध्या पाण्याने नळ्यांत क्षार धरतात, म्हणून तिने चुलीवरच्या पातेल्यांवर झाकणे उपडी घातली आणि वाफेचे थेंब गोळा करायला सुरुवात केली. गल्लीच्या टोकाला एक तांबटीण राहत असे. तिने दोन दिवसांत चकती, जाळी, नळ्या, छोटा पंप, पाण्याची टाकी आणि सहा सांधे घडवून दिले. प्रत्येक सांध्यात चामड्याची एकेक चकती होती.

"गुरुजी, हा पाना घ्या, पण लागेल तेव्हाच," ती म्हणाली. "सांधा हाताने फिरवायचा. चामडं बसलं की हाताला कळतं. तिथं थांबायचं."

"पण हाताला कळलं नाही तर?"

"हात तुमचाच आहे ना?" ती हसली. "मग कळेल."

तिसऱ्या दिवशी पंडिताने सारे जोडले. यंत्र बंद ठेवून फक्त पंप चालू केला. लगेच नळ्यांतून गुडगुड आवाज येऊ लागला. पंडित पांढराफटक पडला.

"फुटलं! आत काहीतरी फुटलं!"

बायको पदराला हात पुसत आली. तिने कान लावला. "फुटलंबिटलं काही नाही. वारा धरलाय पोटात. तान्ह्या पोराला थोपटतात तसं थोपटा."

त्याने जाळी तिरकी धरून हळूहळू थोपटली. बुडबुडे वर आले आणि टाकीत फुटून गेले. आवाज थांबला.

पोथीत सांगितले होते, एक दिवस आणि एक रात्र नुसते पाणी फिरवा. थेंब गळाला नाही तर यंत्र चालू करा. पंडिताने प्रत्येक सांध्याखाली रांगोळीची पूड पसरली. थेंब पडला तर पुडीत खळगा दिसेल.

चौथा दिवस उजाडला. पूड जशीच्या तशी होती.

"करा सुरू," म्होरक्या दारातून म्हणाला.

"अजून एक दिवस पाहू या. उकाड्याने थेंब वाळला असेल तर?"

"वाळला तरी खळगा कुठं जातोय, बाबा?"

पंडिताला हे पटले. पटूनही त्याने यंत्र चालू केले नाही.

पाचवा दिवस कोरडा गेला. पंडित म्हणाला की तीनदा पाहिलेले बरे. बेलदार वडाखाली बसून सोंगट्या खेळू लागले. एकाने टोमणा मारला, "म्हाताऱ्याचं पाणी फिरतंय, आपलं पीठ सरतंय." ते पंडिताच्या कानावर आले. तरी त्याचा हात यंत्राच्या कळेकडे गेला नाही.

सहाव्या दिवशी भर दुपारी तो विसाव्यांदा सांधे बघायला वाकला, तर चौथ्या सांध्याखालच्या पुडीत एक खळगा. गोल, ताजा आणि ओला!

"गळलं! मी म्हणत नव्हतो?"

त्याने पाना उचलला. सांधा पिळला. मनाचे समाधान होईना म्हणून आणखी पिळला. कट् असा आवाज झाला आणि पाण्याची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली. बायकोने धावत येऊन पंप बंद केला, तोवर निम्मे पाणी जमिनीने पिऊन टाकले होते. यंत्र बंद होते म्हणून वाचले.

"आधीपासूनच गळत होतं गं. हा बघ खळगा," म्हणत तो पुन्हा वाकला. त्याच्या कपाळावरचा घामाचा थेंब टपकन पुडीत पडला. पहिल्या खळग्याशेजारी तसाच दुसरा खळगा उमटला.

दोघांनीही ते दोन्ही खळगे पाहिले. बायकोने उरलेले पाणी पातेल्यात काढायला घेतले.

पंडित सांधा घेऊन तांबटिणीकडे गेला. वाटेत त्याने एक वाक्य जुळवले होते, ते त्याने म्हटले. "तुझा सांधा कच्चा निघाला, बाई."

तिने सांधा उजेडात धरला. आतले चामडे चंद्रकोरीसारखे कापले गेले होते आणि सांध्याच्या कडेला चीर गेली होती.

"गुरुजी, हा चेचलाय. पान्याने किती फिरवलात?"

"अर्धा वेढा."

तिने ती चीर त्याच्यापुढे धरली.

"दोन," पंडित म्हणाला. त्याची मान खाली गेली. "कोरडा होता. तीन दिवस कोरडा होता. मीच फोडला."

"नवा ओतायला दोन दिवस लागतील. साचा करावा लागतो."

पंडिताने पाना तिच्यासमोर ठेवला आणि तो तसाच घरी परतला.

बेलदारांना हे कळले तेव्हा म्होरक्याने पिठाचे पोते हाताने तोलून पाहिले. "आता थांबणं परवडत नाही, बाबा," तो म्हणाला आणि त्याने अंदाजाने एक जागा धरली. चार दिवस घणाचे आवाज आले. बारा हातांवर काळा पाषाण लागला. घणाचा दांडा मोडला आणि एका बेलदाराचे पाऊल ठेचले.

इकडे नवा सांधा आला. पंडिताने तो हाताने बसवला. चामडे बसल्याचे हाताला कळले आणि त्याने हात मागे घेतला. पुन्हा पिळायचा मोह नको म्हणून त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले. वाफेचे नवे पाणी भरून एक दिवस आणि एक रात्र वाट पाहिली. मग डोळे मिटून कळ दाबली.

यंत्र दोन दिवस चालले. त्याच्या काळजावर हात ठेवला तर ते मुलाच्या कपाळाइतकेच कोमट लागे. दुसऱ्या संध्याकाळी यंत्राने जागा सांगितली. पाषाण लागलेल्या खड्ड्यापासून ती फक्त तीनशे पावलांवर होती.

पण तोवर बेलदारांचे पीठ संपत आले होते. गावाने घरोघरची मूठमूठ ज्वारी त्यांना दिली. थकलेल्या हातांचे काम सावकाशच चालते. सहा दिवसांच्या कामाला दहा दिवस लागले. वीस हातांवर गोड पाणी लागले, तेव्हा गाव नाचले. पण त्या दहा दिवसांत अकरा घरे कुलपे लावून घाट उतरून गेली होती. त्यांपैकी एकही घर पुन्हा उघडले नाही.

गावाने पहिली घागर पंडिताला देऊ केली. म्होरक्याच म्हणाला, "घ्या बाबा, जागा तुमचीच."

"जागा यंत्राची," पंडित म्हणाला. "उशीर माझा. चौथ्या दिवशी सारे कोरडे होते. त्या दिवशी कळ दाबली असती, तर ही अकरा घरे आज इथे पाणी भरत असती." त्याने ती घागर पाऊल ठेचलेल्या बेलदारापुढे नेऊन ठेवली आणि तो लोकांच्या मागे जाऊन उभा राहिला.

तात्पर्य : खबरदारी पुरी झाली की हात मागे घ्यावा, भीतीने दिलेला जादाचा पीळ धड सांधाही फोडतो.