मागचं दार

फार पूर्वी एका शाळेच्या सर्व्हरच्या पोटात न दिसणारे सेवक राहायचे. दारवान आल्यागेल्याला दार उघडायचा आणि कागदराखी पोरांच्या गुणपत्रिका पदराखाली जपायची. मागच्या दारानं कुणीही नुसतं नाव सांगून आत येई, म्हणून तिचा जीव सदा टांगणीला.

एकदा सर्व्हर सांभाळणाऱ्या अनसूयाताईंनी उघड्या ठेवायच्या दारांच्या यादीतून मागचं दार खोडलं आणि त्या निर्धास्तपणे जेवायला गेल्या.

"दारवानदादा, मागचं दार लावा की! ताईंनी यादीतून खोडलंय ते."

"अगं बाई, यादी मी कामाला लागताना एकदाच वाचतो. पुन्हा वाचायची तर ताईंनी हाक मारायला हवी. शिस्त म्हणजे शिस्त!"

"आणि चोर आला म्हणजे?"

"नाव सांगेल ना? मग झालं तर."

चोर आलाच. त्यानं नाव सांगितलं, 'मुख्याध्यापक'. दारवानानं अदबीनं दार उघडलं. कागदराखीनं आकांत मांडला.

इकडे ताईंना चूक आठवली. त्या हातातला घास टाकून धावत आल्या आणि त्यांनी हाक मारली. दारवानानं लगेच यादी वाचली, मागचं दार लावलं, वर कडी घातली.

"आता कुणाची टाप आहे आत यायची!" तो मिशीला पीळ देत म्हणाला.

"बरं केलंत," आतून चोर म्हणाला आणि त्यानं पुढची गुणपत्रिका उघडली.